हापसा आणि त्याचा पाना

बोअरचे तोंड वीतभरही रुंद नसते. चार ते सहा इंचांच्या त्या भोकातून बादली खाली जात नाही, कळशी जात नाही, पोहराही जात नाही. उघड्या विहिरीवर दोर तुटला तर दुसरा आणता येतो, रहाट मोडला तर कठड्यावरून हाताने ओढून पाणी काढता येते. बोअरवरचा हापसा बंद पडला की मात्र तीस मीटर खाली पाणी असूनही ते गावासाठी नसल्यासारखेच. कठीण खडकाच्या प्रदेशात बोअर आली तेव्हा पाण्याबरोबर हा नवा परावलंबीपणाही आला. सरकारी कागदावर ज्याला ‘हातपंप’ म्हणतात आणि महाराष्ट्रातल्या गावांत ज्याला ‘हापसा’ म्हणतात, त्या यंत्राचा इतिहास त्यामुळे दुरुस्तीचाच इतिहास आहे.

जुन्या गावगाड्यात पाण्याच्या साधनांची देखभाल बलुत्यात बसवलेली होती. रहाटाचे चाक आणि मोटेचे लाकूडकाम सुताराकडे, मोटेचे चामडे चर्मकाराकडे, दोर-नाडे मातंगाकडे. कामाचा मोबदला बिघाड झाल्यावर रोख मिळत नसे. सुगीला खळ्यावर धान्याच्या रूपाने मिळे. मोट वर्षात एकदा फाटली काय किंवा चारदा फाटली काय, कारागिराचा वाटा तेवढाच. तेव्हा ती वारंवार न फाटणे हे शेतकऱ्याइतकेच कारागिराच्याही फायद्याचे होते. या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. ज्याने दोर वळला त्यालाच अनेक गावांत त्या विहिरीवर पाणी भरता येत नसे. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करणारा बोले ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली संमत झाला, तरीही महाडच्या चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. पण देखभालीचा खर्च साधन चालू असतानाच द्यायचा, मोडल्यावर नव्हे, हा बलुत्यातला मुद्दा पुढच्या हकिकतीत पुन्हा पुन्हा आठवावा लागतो.

दख्खनच्या काळ्या कातळात विहीर खणणे हे सुरुंगाचे काम. पहारी, छन्नी-हातोडे आणि दारू वापरून एक विहीर पाण्याला लागेपर्यंत महिने जात, कधी दोन उन्हाळे. हा वेळ एकदम कमी झाला तो दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या वेधनयंत्रांमुळे. या यंत्राचा हातोडा भोकाच्या तळाशी खडकावर घाव घालतो आणि फुटलेला चुरा हवेच्या झोताबरोबर वर फेकला जातो. १९६७ च्या बिहारच्या दुष्काळात युनिसेफने अशी यंत्रे विमानाने भारतात आणली. महाराष्ट्रात ख्रिस्ती मिशनांच्या पाणी कार्यक्रमांनी अशाच यंत्रांनी बोअर पाडायला घेतल्या होत्या. १९७२ चा दुष्काळ आला तेव्हा बोअर हा अपवाद राहिला नाही, तोच मुख्य उपाय झाला. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा त्याच सुमारास उभी राहिली. केंद्र सरकारचा वेगवर्धित ग्रामीण पाणीपुरवठा कार्यक्रमही १९७२-७३ चाच. पूर्वी ज्याला महिने लागत ते काम आता एका-दोन दिवसांत होऊ लागले. बोअर किती झाल्या याचे आकडे झपाट्याने वाढत गेले, आणि तेवढ्याच वेगाने त्यांवर हापसे बसत गेले.

हे हापसे बिडाचे होते. युरोप-अमेरिकेतल्या शेतघरांच्या अंगणात जसे पंप असत, त्यांच्या या देशी नकला. मूळ पंप एका कुटुंबासाठी घडवलेला. घरच्या चार-सहा माणसांना आणि गोठ्यातल्या जनावरांना लागेल तेवढे पाणी, तेही बहुधा उथळ विहिरीतून काढायचे. भारतात तोच पंप खोल बोअरवर आणि अख्ख्या वस्तीपुढे उभा केला गेला. दांड्याच्या सांध्यांत तीन-चार खिळी असत. प्रत्येक खिळीचे भोक झिजून लंबगोल होई, मग दांडा डुगडुगू लागे, रॉड तिरका ओढला जाई आणि शेवटी बीड तडकून फुटे. पंप थेट बोअरच्या केसिंग पाइपावर स्क्रूने बसवलेला असल्याने प्रत्येक हिसक्याबरोबर पाइप हले, भोवतीच्या ओट्याला भेगा पडत आणि सांडलेले गढूळ पाणी त्या भेगांतून पुन्हा बोअरमध्ये उतरे. शुद्ध पाण्यासाठी केलेल्या खर्चातून असे गटार तयार होत होते.

१९७० च्या दशकाच्या मध्याला युनिसेफने पाहणी केली तेव्हा कोणत्याही एका वेळी सुमारे ७५ टक्के हापसे बंद असल्याचे आढळले. वेधनयंत्रांवर पैसा ओतणाऱ्या संस्थेला हा हिशेब झोंबणारा होता. कार्यक्रमच गुंडाळावा की काय, अशी चर्चा झाली. चारातले तीन हापसे मुके उभे असताना आणखी बोअर पाडणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे होते.

यावरचा तोडगा प्रयोगशाळेत सापडला नाही. तो मराठवाड्यात आणि सोलापुरात आधीच तयार होता. जालन्याच्या मिशनच्या कार्यशाळेत मोडके हापसे दुरुस्त करता करता एक वेगळाच वरचा भाग घडवला गेला. तो बिडाचा नव्हता, पोलादी पत्रा वेल्डिंग करून केलेला होता. अनेक खिळ्यांऐवजी दांड्याला एकच आस आणि त्या आसाला बंदिस्त बेअरिंग. दांड्याच्या टोकाला वर्तुळाच्या पाकळीसारखा वक्र तुकडा आणि त्यावरून सुटणारी साखळी, मोटारसायकलला असते तशी. साखळी वक्र तुकड्यावरून नेहमी एकाच उभ्या रेषेत सुटत असल्याने रॉड सरळ वर ओढला जातो, बाजूला घासत नाही. वडाळ्याच्या आणि सोलापूरच्या कार्यशाळांनी या कल्पनेवर आपापली सुधारणा केली. सोलापूर वेल सर्व्हिसच्या पंपात महत्त्वाचा बदल होता तो बैठकीचा. पंप केसिंगवर न टेकता त्याच्याभोवती काँक्रीटमध्ये पाय रोवून स्वतंत्र उभा राहिला. हिसके काँक्रीटने सोसले आणि बोअरचे तोंड झाकले गेले, त्यामुळे घाण पाण्याची वाट बंद झाली. ‘सोलापूर पंप’ हे नाव पुढे पाणीपुरवठ्याच्या जागतिक अहवालांत गेले, सोलापुरी चादरीइतके घरोघर मात्र पोहोचले नाही.

युनिसेफने आधी काही हजार सोलापुरी ‘डोकी’ घेऊन जुन्या पंपांवर चढवली. पण कार्यशाळेत एकेक करून घडणारा पंप लाखोंच्या संख्येत कसा बनवायचा, हा प्रश्न उरलाच होता. भारत सरकार, युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या प्रयत्नांतून सोलापूर पंपावर आधारलेला नवा नमुना तयार झाला. त्यात मद्रासची यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्था होती, आणि उत्पादनासाठी रिचर्डसन अँड क्रुडास या सरकारी कंपनीचा मद्रास येथील कारखाना. चाचणीसाठी कोइम्बतूरचा भाग निवडला, कारण तिथे पाणी खोल होते आणि हापशावर गर्दीही भरपूर. या नमुन्याचे नाव ‘इंडिया मार्क टू’. १९७७-७८ पासून तो कारखान्यातून बाहेर पडू लागला. त्याचे पेटंट कोणी घेतले नाही. ज्याला जमेल त्याने बनवावा, मात्र ठरलेल्या मापात. १९७९ मध्ये भारतीय मानक संस्थेने आयएस ९३०१ हे मानक काढले आणि युनिसेफने ब्रिटनच्या क्राउन एजंट्सकडून कारखान्यांची व मालाची तपासणी सुरू केली. या तपासणीचे महत्त्व पंपाच्या रचनेइतकेच आहे. मानकामुळे एका कारखान्याची साखळी दुसऱ्याच्या पंपात बसू लागली, आणि सुटा भाग गावात पोहोचण्याची पहिली अट तीच असते. १९८४ पर्यंत तीसहून अधिक कारखाने हा पंप बनवत होते. त्या दशकाच्या अखेरीस देशातली संख्या दहा लाखांपलीकडे गेली.

हे यंत्र जवळून पाहण्यासारखे आहे. खाली तीन पायांची बैठक, त्यावर पाण्याची लहान टाकी आणि तोटी, वर डोके. सगळे जस्ताचा मुलामा दिलेले. डोक्याच्या पुढच्या बाजूला एकाच बोल्टने घट्ट होणारे झाकण. ते काढले की साखळी दिसते. दांडा भरीव चौरस पोलादाचा आणि मुद्दाम जड, कारण बोअरमध्ये लोंबणाऱ्या रॉडचे वजन त्याने तोलायचे असते. एकास आठ अशी तरफ असल्याने दहा-बारा वर्षांची मुलगीही तो दाबू शकते. खाली जमिनीत ३२ मिलिमीटरचे जस्ती पाइप तीन-तीन मीटरचे जोडत नेलेले, त्यांच्या आत १२ मिलिमीटरचे रॉड आणि तळाला पितळी अस्तराचा सिलिंडर. सिलिंडरचा आतला व्यास ६३.५ मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव १२५ मिलिमीटर. म्हणजे एका दाबाला निघणारे पाणी फार तर ४०० मिलिलिटर. साखळी फक्त ओढू शकते, ढकलू शकत नाही. त्यामुळे दट्ट्या खाली जातो तो रॉडच्या वजनानेच. याच कारणाने हा पंप उथळ पाण्यावर नीट चालत नाही. खोली हीच त्याची मर्दुमकी.

आता त्या काळातला शासकीय निकष घ्यावा: माणशी दिवसाला ४० लिटर पाणी आणि २५० माणसांमागे एक हापसा. म्हणजे रोज १०,००० लिटर. दाबाला ४०० मिलिलिटर धरले तर २५,००० दाब. मिनिटाला ४० दाबांच्या वेगाने हे सव्वादहा तासांहून अधिक काम होते, एका घटकेचीही उसंत न घेता. वर्षाचे दाब होतात ९० लाखांहून जास्त. शेतघरातला बिडाचा पंप इतके दाब त्याच्या उभ्या आयुष्यात खात नसे. मार्क टू ते खाऊ शकला, ही त्याची खरी कामगिरी. पण झिजत नाही असे यंत्र नसते, आणि या यंत्रात सर्वांत आधी झिजे ती सगळ्यात स्वस्त वस्तू: दट्ट्यावरचा चामड्याचा वायसर.

तो वायसर बदलण्याचे काम असे चाले. आधी डोके उतरवायचे, साखळी सोडवायची, टाकी काढायची. मग शिकंज्यात पाइप धरून तो वर उचलायचा, तीन मीटर वर आला की सांधा उघडायचा, आतला रॉड सोडवायचा, पाइप बाजूला आडवा ठेवायचा आणि पुढच्या पाइपाला लागायचे. तीस मीटर खोलीला असे दहा पाइप. पाइप, रॉड आणि पाइपात अडकलेले पाणी मिळून वजन दीडशे किलोच्या आसपास. शिकंजा सटकला तर सगळे लटांबर बोअरमध्ये जाते आणि बोअरच निकामी होते. शेवटी सिलिंडर हाती आला की तो उघडून नवा वायसर घालायचा आणि हाच क्रम उलटा करायचा. चार माणसे, खास पाने-शिकंजे आणि अर्धा दिवस. बदललेली वस्तू हाताच्या तळव्यात मावणारी. पंप मोडू नये म्हणून इतका भक्कम केला गेला की मोडल्यावर गावाला तो उघडता येईना.

अशा दुरुस्तीसाठी देखभालीची तीन पायऱ्यांची रचना वापरात आली. मार्क टूच्या जरा आधी, १९७६ च्या सुमारास, तामिळनाडूत तिरुनेलवेली जिल्ह्यापासून तिची सुरुवात झाली आणि पुढे ती इतर राज्यांत पसरली. पहिल्या पायरीवर गावातला एक स्वयंसेवक. त्याला एक-दोन दिवसांचे प्रशिक्षण, एक-दोन पाने आणि ग्रीसचा डबा. बोल्ट आवळणे, साखळीला ग्रीस लावणे, ओट्याभोवती पाणी साचू न देणे एवढे त्याचे काम. दुसऱ्या पायरीवर तालुक्याचा मिस्त्री, सुमारे शंभर हापशांमागे एक. तिसऱ्या पायरीवर गाडीसह जिल्ह्याचे फिरते पथक, पाचशे ते हजार हापशांमागे एक. गाव आणि तालुका यांच्यातला दुवा होता पोस्टकार्ड. स्वयंसेवकाकडे पत्ता छापलेली कार्डे दिलेली असत. हापसा बिघडला की त्याने खूण करून कार्ड पेटीत टाकायचे.

कागदावर ही रचना सुबक होती. प्रत्यक्षात कार्ड पोहोचे, पण गाडीला डिझेल नसे. डिझेल असे तेव्हा पाइप उतरवणारी माणसे दुसऱ्या टोकाच्या तालुक्यात असत. स्वयंसेवकाला मानधन नव्हते. ज्याच्या घरासमोर हापसा असे त्याचीच बहुधा या कामावर निवड होई आणि ते बरेचदा पुरुष असत, पाणी भरणाऱ्या बायका नव्हेत. सर्वांत मोठी अडचण अशी की हापसा सरकारचा, ही भावना या रचनेने पक्की केली. ज्या वस्तूला हात लावायचा अधिकार गावाला नाही तिच्यासाठी गाव वर्गणी का काढील? महाराष्ट्रात ग्रामपंचायतींनी हापशामागे वार्षिक वर्गणी जिल्हा परिषदेकडे भरायची आणि पंचायत समितीच्या पथकाने दुरुस्ती करायची, अशी पद्धत पडली. तिच्यात बलुत्याची सावली दिसते खरी, पण फरकही मोठा आहे. बलुतेदार गावातच राही आणि त्याचे काम खळ्यावरच्या चार माणसांपुढे जोखले जाई. पथकाचे काम गावाला जोखता येत नव्हते आणि वर्गणी थकली म्हणून पथकाचे काही अडत नव्हते. तरीही या तीन पायऱ्यांना नुसती नावे ठेवणे अन्यायाचे होईल. पाऊणशे टक्के हापसे बंद असण्याचे दिवस भारतात पुन्हा आले नाहीत, यात मार्क टूबरोबर या पथकांचाही वाटा आहे.

संयुक्त राष्ट्रांनी १९८१ ते १९९० हे पिण्याचे पाणी आणि स्वच्छतेचे आंतरराष्ट्रीय दशक म्हणून जाहीर केले. त्याच काळात संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम आणि जागतिक बँक यांनी जगभरच्या हातपंपांची प्रयोगशाळेत व गावांत चाचणी घेतली. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालाने एक कसोटी पुढे आणली: पंप गावाच्या पातळीवर चालवता आणि दुरुस्त करता आला पाहिजे. या कसोटीवर मार्क टू नापास होता. कोइम्बतूरला पुन्हा चाचण्या झाल्या आणि ‘मार्क थ्री’ तयार झाला. त्यात खालचा पाइप ६५ मिलिमीटरचा केला, म्हणजे सिलिंडरपेक्षा रुंद. त्यामुळे पाइप जागेवर ठेवून आतल्या रॉडबरोबर दट्ट्या आणि तळाची झडप वर काढता येऊ लागली. वायसर बदलायला आता दोघे पुरत आणि गाडी लागत नसे. चामड्याच्या वायसराऐवजी नायट्राइल रबराचा वायसर आला आणि त्या एका बदलाने दुरुस्तीच्या फेऱ्या लक्षणीय कमी झाल्या. तो जुन्या मार्क टूमध्येही बसवता येत होता. मार्क थ्रीला स्वतंत्र मानक मिळाले, आयएस १३०५६. पण रुंद पाइप महाग आणि जड. तोच कुजून काढायची वेळ आली तर काम मार्क टूपेक्षा अवघड. जास्त खोलीवर तर तो परवडेनाच. रस्त्याकडेला आज जे हापसे दिसतात त्यांतले बहुसंख्य मार्क टूच आहेत.

पाना गावात आणण्याचे दुसरे प्रयत्न माणसांच्या बाजूने झाले. राजस्थानात अजमेर जिल्ह्यातल्या तिलोनियाच्या केंद्राने तीन पायऱ्यांऐवजी एकच पायरी मांडली: त्याच भागातला तरुण मिस्त्री, तीस-चाळीस हापसे, सायकल आणि पान्यांची पिशवी. बांसवाडा-डुंगरपूरच्या आदिवासी भागात १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘स्वच्छ’ प्रकल्पाने बायकांना मिस्त्री केले. उत्तर प्रदेशातल्या बांदा भागात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला महिला समाख्या कार्यक्रमातून दलित बायका हापसे उघडायला शिकल्या. यातले साधे गणित असे की हापसा बंद पडल्यावर ज्यांना दोन मैल पायपीट करावी लागते, त्यांच्याच हाती पाना असेल तर कार्ड टाकून वाट पाहण्याची पाळी येत नाही. अडचण कौशल्याची फारशी आली नाही. ती आली सुट्या भागांच्या पुरवठ्याची आणि वेळेवर मजुरी मिळण्याची, म्हणजे सरकारी दप्तराची.

मार्क टू दरम्यान समुद्रापार गेला होता. आफ्रिकेतल्या अनेक देशांत तो निर्यात झाला आणि काही ठिकाणी बनूही लागला. मालीमध्ये ‘इंडिया-माली’, युगांडात ‘यू टू’ अशी त्याची बारशी झाली. तिथे त्याला भारतात न भोगाव्या लागलेल्या दोन गोष्टी भोगाव्या लागल्या. पश्चिम आफ्रिकेत पुष्कळ ठिकाणी भूजल आम्लधर्मी आहे. त्यात जस्ती पाइप आणि रॉड काही वर्षांत गंजून गळतात. सकाळचे पहिले पाणी तांबडे येई, भात आणि कपडे त्याने रंगत, आणि बायका चालू हापसा सोडून पुन्हा ओढ्याकडे वळत. कागदावर तो हापसा ‘चालू’च असे. दुसरी गोष्ट अंतराची. भारतात तालुक्याच्या बाजारात साखळी-वायसर मिळू शकतो, कारण पाच-पन्नास मैलांत शेकडो हापसे आहेत. विरळ वस्तीच्या देशात, जिथे प्रत्येक देणगीदार संस्था आपापल्या देशाचा पंप घेऊन आलेली, तिथे वायसर ठेवून दुकानदार खाणार काय? केनिया आणि मलावीतल्या प्रयोगांतून १९८० च्या दशकात ‘आफ्रिदेव’ हा पंप आला. त्याला प्लॅस्टिकचे पाइप आणि सगळे उघडायला एकच पाना. रचनेने तो गावाचाच होता. तरीही ग्रामीण पाणीपुरवठ्यावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय जाळ्याने २००९ च्या सुमारास सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या वीस देशांचे अंदाज एकत्र केले तेव्हा सुमारे ३६ टक्के हातपंप बंद निघाले. पाना गावात असून पैसा, भाग किंवा पावतीपुस्तक नसेल तर पाना गंजत पडतो.

केनियातल्या क्युसो भागात २०१३ च्या आसपास झालेला प्रयोग या दृष्टीने बोलका आहे. हापशाच्या दांड्यात मोबाइलचे लहान प्रेषक बसवले. दांडा किती वेळा हलला याची नोंद रोज आपोआप कार्यालयात जाऊ लागली. दांडा थांबला की मिस्त्री निघे. हापसा बंद राहण्याचा सरासरी काळ सुमारे २७ दिवसांवरून तीन दिवसांच्या आत आला. तिरुनेलवेलीच्या पोस्टकार्डाचाच हा वंशज. पण त्यापुढे जे घडले ते जुने आहे. त्या भागात ‘फंडीफिक्स’ ही दुरुस्ती सेवा उभी राहिली (स्वाहिलीत फुंडी म्हणजे मिस्त्री), आणि तिच्याशी जोडलेली गावे हापसा चालू असतानाच नियमित शुल्क भरतात. खळ्यावरच्या धान्याची जागा मोबाइलवरच्या पैशाने घेतली एवढेच. एकट्या गावावर दुरुस्ती सोपवून हात झटकायचे, किंवा सगळी दुरुस्ती जिल्ह्याच्या गाडीत भरायची, हे दोन्ही मार्ग चाळीस वर्षांत पुरेसे आजमावून झाले आहेत. टिकला तो मधला: जवळचा मिस्त्री, बऱ्याच गावांची मिळून वर्गणी आणि तुटीचा भाग उचलणारे सरकार.

महाराष्ट्रात हापशाने एक काम चोख पार पाडले, त्याची आठवण आता फारशी कोणी काढत नाही. पायऱ्यांच्या विहिरीत आणि बारवेत लोक घोट्यापर्यंत पाण्यात उतरत. नारूचा जंतू पायाच्या जखमेतून त्या पाण्यात जाई आणि पिणाऱ्याच्या पोटात. हापशाच्या पाण्यात पाय घालायला जागाच नसते. नारूचा भारतातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात नोंदला गेला आणि २००० मध्ये देश नारूमुक्त जाहीर झाला. त्यात पाणी गाळून पिण्याच्या प्रचाराबरोबर या यंत्राचाही मोठा हात होता.

हापशाला खरा तडाखा बसला तो गंजाचा किंवा वायसराचा नव्हे, शेजाऱ्याचा. ज्या वेधनयंत्रांनी पिण्याच्या पाण्याच्या बोअर पाडल्या, त्यांनीच पुढे उसाला, द्राक्षाला, संत्र्याला बोअर पाडल्या, अधिक खोल आणि विजेच्या पंपाच्या. पाणी पन्नास मीटरच्या खाली गेले की हापसा ठणठणीत असूनही कोरडा वाजतो आणि कोणताही मिस्त्री त्याला काही करू शकत नाही. १९९३ च्या महाराष्ट्र भूजल कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घेण्यास बंदी केली. तो मोडल्याबद्दल कारवाई क्वचितच झाली. २००९ चा नवा भूजल कायदा त्याच्या जागी आला.

दरम्यान धोरण नळाकडे वळले. १९९९ च्या क्षेत्र सुधारणा कार्यक्रमाने आणि २००२ च्या स्वजलधारेने भांडवली खर्चाचा दहावा हिस्सा आणि देखभालीचा सगळा खर्च गावावर टाकला. १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालेल्या जलजीवन मिशनने घरोघरी नळ हे उद्दिष्ट ठेवले. नळयोजनेत वायसराच्या जागी विजेचे बिल, व्हॉल्व्हमन आणि जळालेली मोटार आली. गावाला उघडता न येणाऱ्या वस्तूंची यादी त्यामुळे वाढली, कमी झाली नाही. बिल थकून वीज तुटलेली योजना आणि पाइप कुजलेला हापसा यांत तहानलेल्याच्या दृष्टीने फरक नाही.

भूजल यंत्रणेने गडचिरोलीसारख्या दुर्गम भागांत बसवलेल्या दुहेरी पंपाच्या योजना म्हणूनच लक्ष देण्याजोग्या आहेत. एकाच बोअरमध्ये सौरऊर्जेवर चालणारा पंप खाली सोडलेला असतो. तो टाकी भरतो आणि टाकीतून वाडीतल्या नळांना पाणी जाते. त्याच बोअरच्या तोंडाशी, किंचित बदललेल्या टाकीसह, मार्क टूचा दांडा तसाच ठेवलेला असतो. पावसाळ्यात चार दिवस ऊन पडले नाही की लोक कळशी घेऊन त्या दांड्याकडे येतात.